फिकी आकाशी शाई: दिसत नाही, पण सोडवतही नाही

टीपकागद (शहापूर, बेळगाव)

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन ओळींचा आहे, पण आधीची हकिगत सांगितल्याशिवाय तो कळायचा नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

मी शहापुरात राहते, एका पतसंस्थेत कॅशला बसते. शाळेपासून शाईपेनानंच लिहिते आणि इतक्या वर्षांत पेनात रॉयल ब्लूखेरीज फारसं काही गेलं नाही. ज्येष्ठात वाढदिवसाला बेंगळूरच्या भाच्यानं शाईची बाटली पाठवली. परदेशी, काचेची, इवलीशी. उजेडाकडं धरली तर आत निळसर पाणी, पलीकडचे खिडकीचे गज मोजता येत होते. आईनं बघितलं आणि म्हणाली, "नीळ होय? बरं झालं, धुणं भिजत घातलंय, दोन थेंब दे."

बाबांचं जुनं एबोनाइटचं पेन आहे, ड्रॉपरनं भरायचं. त्यात भरली. पहिली ओळ उमटली तेव्हा वाटलं, पेन धुतल्याचं पाणी आत राहिलंय. दुसरी ओळही तशीच. मग लक्षात आलं की रंगच तो आहे. ओली असताना आकाशी, वाळता वाळता राखाडीकडं झुकते आणि जिथं हात रेंगाळतो तिथं जरा गडद होऊन कडेला जांभळट किनार धरते. एका अक्षरात तीन रंग. खडे बाजारातल्या एका स्टेशनरीवाल्याला कागद दाखवला. कानडी माणूस. म्हणाला, "तिळी नीली." कानडीत फिक्या रंगाला तिळी म्हणतात आणि निवळलेल्या पाण्यालाही तिळीच. आपण फिकट म्हटलं की काहीतरी उणं पडल्यासारखं वाटतं, तिळीत तसं नाही. शब्द आवडला, घरी घेऊन आले. शाई दुसरी घेतली नाही म्हणून तो जरा नाराज झाला असावा.

आता रडगाणं. ऑफिसात एक व्हाउचर ह्या शाईनं लिहिलं. झेरॉक्स काढली तर छापील रेघा आणि रबरी शिक्का तेवढा आला, मधे सगळं कोरं. मॅनेजरसाहेब केबिनमधनं बाहेर येऊन म्हणाले, "मॅडम, काणिसोदे इल्ला!" दिसतच नाही. परत काळ्यानं लिहून दिलं. चेकला तर हातच लावला नाही. हल्ली चेकचा कागद कुठं जात नाही, त्याचा फोटो एका बँकेतनं दुसऱ्या बँकेत जातो, त्यात ही शाई पोचायची नाही एवढं मला कळतं. शिवाय पेन निम्मं रिकामं झालं की मधेच टपोरा थेंब सोडतं. एक आमच्याच पासबुकावर पडला. तो मात्र झकास दिसतो.

खरी गोष्ट मोडीची आहे. नंदगडजवळ आमचं मूळ गाव. तिथं आजोबांच्या ट्रंकेत कागद निघाले, सगळे मोडीत. एका खरेदीखतावर १९३८ साल आणि खाली कुणाचा तरी अंगठा, एवढंच मला कळलं. शाई मात्र अजून काळी कुळकुळीत. म्हणून गेल्या दिवाळीपासनं आमच्या गल्लीतल्या एका गुरुजींकडं रविवारी सकाळी मोडी शिकायला जाते. निवृत्त शिक्षक, वय अठ्ठ्याहत्तर. १९५० च्या सुमारास शाळांतनं मोडी गेली, त्यामुळं ते स्वतःही ती वडिलांकडनं घरीच शिकले.

मोडीत आधी आख्ख्या पानावर आडव्या रेघा ओढायच्या आणि मग त्या रेघांना अक्षरं टांगत जायची, हात न उचलता. देवनागरीत आपण अक्षर काढून मग डोक्यावर रेघ देतो, हितं उलटं. र तर शेजारच्या अक्षराला बघून आपलं रूपच बदलतो. आठ महिने झाले, माझा हात उचलला जातोच. काळ्या शाईत ते खपून जायचं. गेल्या रविवारी काळी संपली म्हणून ह्या फिक्या शाईनं पान लिहून नेलं. गुरुजींनी चष्मा काढला, पान नाकाजवळ धरलं. उजवा डोळा झाकला. मग डावा झाकला. आणि म्हणाले, "ह्या डोळ्यानं बघितलं तर तू काही लिहिलंच नाहीस. ह्या डोळ्यानं छान निळं लिहिलंयस."

उजव्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं व्हायचंय.

मग त्या उजव्या डोळ्यानं बघत त्यांनी पेन्सिलीनं टिंबं द्यायला सुरुवात केली. "हितं थांबलीस. हितं थांबलीस. हितं विचार केलास. हितं चुकलं असं वाटून मागं आलीस." एका ओळीत अकरा टिंबं. सगळी बरोबर! जिथं जिथं हात थबकला तिथं शाईनं नोंद ठेवली होती. आम्हा कॅशवाल्यांना नोंदीचं कौतुक वाटायचंच, पण माझ्याविरुद्ध इतकी चोख नोंद आजवर कुठल्या ऑडिटरनं काढली नव्हती.

तर प्रश्न असा. ही शाई गुरुजींच्या दोन्ही डोळ्यांना दिसेल आणि तरीही थबकल्याची खूण जाणार नाही, असं काही करता येईल का? की पेन बदलू? कागदही त्रास देतोय. घरातल्या साध्या वहीवर ह्या पावसात अक्षराला केस फुटतात. शाईचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष शाईचा, कागदाचा की माझा, हेच अजून ठरलेलं नाही.

---

निपाणीकर

ताई, शाईला नावं ठेवायच्या आधी पेन बघा.

ड्रॉपरच्या पेनात शाई थेट नळीत असते. निम्मी संपली की उरलेल्या जागेत हवा भरते. हाताच्या उबेनं ती हवा फुगते आणि शाईला निबकडं ढकलते. तोच तुमचा पासबुकावरचा थेंब. उपाय एकच, पेन निम्म्याखाली जाऊ द्यायचं नाही. थोडं लिहा, परत भरा. किंवा रविवारच्या सरावापुरतं कन्व्हर्टरवालं, म्हणजे आतल्या छोट्या नळीत शाई ओढून घेणारं, पेन ठेवा, त्यात हवा कमी मावते.

दुसरं म्हणजे निब. बाबांचं पेन म्हणजे बारीक निब असणार. बारीक निब शाई कमी सोडते, त्यामुळं फिकी शाई आणखी फिकी दिसते. जपानी पेनाची फाइन तर युरोपातल्या फाइनपेक्षाही बारीक, ती ह्या कामाला अजिबात घेऊ नका. मोडी बोरूची लिपी आहे, तिला तिरकी कापलेली टोकं सवयीची. इटालिक किंवा स्टब, म्हणजे चपट्या टोकाची, निब घ्या, रेघ जाड येईल, शाई जास्त पडेल, रंग एक पायरी वर चढेल आणि थबकलेल्या जागा आणखी उठून दिसतील. माझ्या मते अर्धं काम तिथंच होतं.

तिसरं. दुसऱ्या कंपनीची गडद शाई त्यात ओतायचा मोह होईल, बाटलीत तर मुळीच ओतू नका. करायचंच तर औषधाच्या रिकाम्या बाटलीत चार थेंब मिसळा, चार दिवस ठेवा, तळाला गाळ बसला नाही तरच पेनात घाला. उघडी ठेवून पाणी उडवून घट्ट करतात काही लोक. आषाढात आपल्याकडं टॉवेल वाळत नाही, शाई काय वाळणार!

आणि त्या जांभळट किनारीचं रहस्य हवं असेल तर तुमच्या नावातच आहे. टीपकागदाची पट्टी घ्या, खालून बोटभर वर एक थेंब टाका आणि पट्टीचं टोक पाण्यात बुडवा. पाणी वर चढेल तसे रंग सुटे होतील. बहुतेक एक गुलाबी निघेल आणि एक फिरोजी. दोन्ही वेगवेगळ्या वेगानं पळतात, म्हणून कडेला एक आणि मधे एक.

आईंना सांगा, शाई धुण्यात घातली तरी चालेल, पण नीळ पेनात घालू नका. मी सहावीत घातली होती. ती विरघळत नाही, तिचे कण तसेच राहतात आणि पेनाचा घसा कायमचा बसतो. पेन काकांचं होतं. त्यापुढचं लिहीत नाही.

---

वडगावचा माग

अक्का, शाईतलं मला काय कळत नाही, खळीतलं कळतंय. तीस वर्षं माग चालवूलोय.

ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला, खळ दिली नाही तर सूत फुसफुशीत राहतंय, अंगाला केस येतात आणि मागावर चढलं की पटापट तुटतंय. तुम्ही लिहिलासा ना, अक्षराला केस फुटतात म्हणून, वाचल्यावर मला हसू आलं. कागदाचं तेच आहे की! कागद करताना त्यालाबी खळ देतात. ती कमी पडली की शाई धाग्याधाग्यानं पळत्या. त्यात आपल्या हितला पाऊस, कागद आधीच ओला.

करून बघायचं असलं तर सांगतो, मी माझ्या पोरीच्या चित्रकलेच्या कागदावर केलोय. तांदळाची पेज काढा, मीठ न घालता. फडक्यातनं गाळा, पाण्यासारखी पातळ पाहिजे, बोटाला चिकटली तर जाड झाली समजा. मऊ फडकं भिजवून, पिळून, कागदावर एकदा आडवं एकदा उभं फिरवा. दोरीवर टाकू नका, वळतो. पाटावर पसरून पंख्याखाली वाळवा. वाळल्यावर शंखानं नाहीतर गुळगुळीत गोट्यानं घोटा, चकाकी आली पाहिजे. पूर्वी हातकागद असाच खळ देऊन घोटायचे, माझ्या आज्यानं सांगितलंय. पेजेत तुरटीची कणी टाका, नाहीतर आठ दिवसात बुरशी. आणि कसर लागत्या, खळीचा कागद तिला पेढ्यासारखा. तेवढं ठेवणीतल्या कागदाला करू नका, सरावापुरतंच करा.

एवढा खटाटोप नको असला तर दिवाळीला आणतात त्या लाल कापडी चोपड्या आहेत का बघा घरात. जुनी रोजकीर्द. त्यातला कागद घट्ट असतोय.

रंगाचं विचारलाय म्हणून, आमच्यात ह्याला आकाशीच म्हणतात. मोरपंखी नव्हे, रामा नव्हे. आकाशी साडी दुकानात ट्यूबलाइटखाली खपत नाही, बाहेर उन्हात नेऊन दाखवली की खपत्या.

---

टीपकागद

निपाणीकर, तुमच्या काकांच्या पेनाला श्रद्धांजली. पट्टी करून बघितली. गुलाबी निघाला, खरंच! वर फिरोजी पळाला आणि मागं फिकी अबोलीसारखी रेघ राहिली. आई म्हणाली, एवढ्याशा पाण्यात दोन रंग घालून विकतात, हुशार आहेत.

वडगावचे दादा, माग पुराण फार आवडलं. दांडेलीची वेस्ट कोस्ट गिरणी १९५५ सालची, आपल्यापासनं शंभर किलोमीटरही नाही, कागदाचं माहेर इतकं जवळ आणि मी कागदाला खळ असते हे आज ऐकतेय. दोन पानांना पेज लावली. पहिलं पान जाड पेजेमुळं पापडासारखं झालं, निब त्यावर घसरतेच. दुसरं जमलं. केस गेले! आणि माळ्यावर सासऱ्यांच्या दुकानाची एक कोरी चोपडी सापडली. पानं कडेनं पिवळी पडलीयत, पण शाई त्यावर अशी बसते की विचारू नका. पिवळटपणामुळं आकाशी किंचित हिरवी दिसते तेवढंच.

पण गुरुजींचा डावा डोळा अजून रुसलेलाच आहे. आणि बुधवारी नवा घोटाळा. पावसामुळं जाता आलं नाही म्हणून मोबाइलच्या स्कॅन ॲपनं पान काढून गुरुजींच्या सुनेच्या व्हॉट्सॲपवर पाठवलं. तिचा निरोप आला, "बाबा विचारताहेत, कोरा कागद कशाला पाठवला?" उघडून बघते तर ॲपनं पान इतकं स्वच्छ केलं होतं की अक्षरंही पुसून टाकली.

---

जांबोटीचा पाऊस

टीपकागदताई, एक शेतकरी म्हणून दोन शब्द.

पायलट कंपनीच्या इरोशिझुकू शायांत एक रंग आहे, नाव त्सुयु-कुसा. जपानीत अर्थ दवातलं गवत. चित्र बघितलं तर काय, आपला केनाच! अगदी तोच नव्हे, त्याचा चुलतभाऊ. आत्ता श्रावणात आमच्या बांधावर केना-कुरडू माजलंय, निळी फुलं सकाळी उमलतात आणि दुपारच्या आत मिटून जातात. आम्ही खुरपून फेकतो नाहीतर भाजी करतो. तिकडं त्या फुलावरनं शाईला नाव!

पुढचं वाचलं ते तुमच्या कामाचं आहे. जपानात ह्या फुलाचा निळा रंग काढून रेशमी कापडावर नक्षीचा कच्चा आराखडा काढतात. तोच का? कारण पाण्यानं साफ निघून जातो. पक्का रंग भरला, कापड धुतलं, की आराखडा गायब. म्हणजे टिकत नाही हीच त्याची कामगिरी. तुमच्या शाईकडंही तसंच बघा. सराव करा, गुरुजींना दाखवा, संपलं. आजोबांच्या कागदाची नक्कल मात्र हिनं करू नका. आमच्याकडं जांबोटी-कणकुंबीला पावसाळ्यात भिंतीतनं पाणी झिरपतं, ह्या शाईत लिहिलेलं पान एका थेंबात गंगेला मिळेल.

तुमचं १९३८ चं खत काळं राहिलंय ते बहुधा काजळीमुळं किंवा हिराकसामुळं, म्हणजे लोखंडाच्या खारामुळं. काजळी आणि डिंक खलून केलेली शाई म्हणजे निव्वळ कोळसा, त्याला उजेड काय करणार! हिरडा आणि हिराकसाची शाई लिहिताना फिकी असते आणि हवा लागली की काळी पडते, म्हणजे तुमच्या शाईच्या बरोबर उलटी. ब्लू-ब्लॅकमध्ये निळा रंग आधी घालायचे तो त्याचसाठी, लिहिताना निदान काहीतरी दिसावं म्हणून. दोन्ही बोरूच्या शाया. काजळी-डिंकाची तर शाईपेनात घालूच नका, निपाणीकरांच्या काकांची पाळी येईल.

---

पेस्टअपवाला (खानापूर, पूर्वी बेळगाव)

धागा उशिरा बघितला. ताई, तुम्हाला झेरॉक्सवाला, मॅनेजर आणि मोबाइल असे तिघे एकच गोष्ट सांगताहेत, आणि ती आम्हाला प्रेसमध्ये पहिल्या दिवशी शिकवायचे.

मी कॉम्प्युटर यायच्या आधी बेळगावात छापखान्यात पानं लावायचो. टाइप केलेल्या पट्ट्या कापायच्या, डिंकानं बोर्डावर चिकटवायच्या, कॉलम सरळ आहेत का बघायचं, मग मोठ्या कॅमेऱ्यानं त्या पानाची फिल्म काढायची. रेघा, माप, "हा फोटो डावीकडं", "हितं चार ओळी कमी कर", हे सगळं आम्ही पानावरच लिहायचो, पण फक्त एका फिक्या निळ्या पेन्सिलीनं. कारण त्या फिल्मला फिकं निळं म्हणजे पांढरंच. कॅमेरा त्या रंगाला आंधळा. आणि लाल म्हणजे तिला ठार काळं, म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा. एका पोरानं चुकून साध्या पेनानं "हा मजकूर रद्द" असं लिहिलं होतं, ते तसंच चार हजार प्रतींवर छापून गेलं. सकाळी लोकांनी तेच आधी वाचलं.

म्हणजे तुमची शाई नेमकी त्या पेन्सिलीच्या रंगाची आहे. तिचं गुपित असं की ती निळा उजेड परत पाठवते आणि लाल उजेड गिळते. कागद मात्र दोन्ही परत पाठवतो. निळ्या नजरेनं बघितलं तर शाई आणि कागद सारखेच. लाल नजरेनं बघितलं तर कागद उजळ आणि शाई काळी.

तेव्हा गुरुजींना लाल नजर द्या. गणपत गल्लीत जा, आत्ता गणपतीच्या आराशीचं सामान लागलंय, लाल जिलेटीन कागद मागा, आकाशकंदिलाला लावतात तो. एक पदर पानावर ठेवा, नाहीतर डोळ्यासमोर धरा. एकानं भागलं नाही तर दोन पदर करा. मोतीबिंदूच्या डोळ्यातही निळा आधी मरतो, लाल तग धरून असतो, त्यामुळं डाव्या डोळ्यालाही दिसायला हवं. मी डॉक्टर नव्हे, पण रंग कापण्यात माझी वीस वर्षं गेलीत.

मोबाइलवर पाठवायचं असेल तर ते स्कॅन ॲप बंद ठेवा, ते पानाला पांढरं करायलाच बसलेलं असतं. खिडकीजवळ साधा फोटो काढा, फ्लॅश नको. भाच्याला म्हणावं, फोटोतला फक्त लाल चॅनेल, म्हणजे नुसता लाल उजेडाचा भाग, काढून काळा-पांढरा करून दे. अक्षरं आपोआप उठतील.

आणि एक सावधगिरी. आम्ही त्या निळ्यानं आखायचो आणि वर काळ्यानं लिहायचो, रेघा छपाईत उडून जायच्या. मोडीत ती युक्ती करू नका. तुमची रेघच उडाली तर अक्षरं टांगणार कशाला?

---

टीपकागद

आज रविवार. सविस्तर लिहिते, कारण तुम्हा सगळ्यांचा त्यात हात आहे.

काल ऑफिस सुटल्यावर गणपत गल्लीत गेले. लाल जिलेटीन मागितलं. दुकानदार म्हणाला, "किती मंडळाला?" म्हटलं एका डोळ्याला. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मुकाट्यानं एक ताव दिला.

पान चोपडीच्या कागदावर लिहिलं होतं. निब भाच्याकडनं मागवलेली स्टब, तीही शुक्रवारी आली. तिनं रंग खरंच एक पायरी वर गेला, निपाणीकर. पण जिलेटीनच्या एका पदराखाली पान सरकवलं आणि अंगावर काटा आला. आकाशी सगळी गेली. तांबड्या उजेडात काळसर अक्षरं उभी राहिली आणि प्रत्येक थबकलेल्या जागी काळी गाठ. दोरीला गाठी मारल्यासारखं दिसतं. जांभळट किनार मात्र दिसेना, तो गुलाबी रंग लालमधे बुडत असणार. किनारीपुरतं वाईट वाटलं.

गुरुजींनी आधी डावा डोळा लावला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रेघ वाकडी ओढलीयस." म्हणजे दिसतंय! पेन्सिल मागितली आणि टिंबं द्यायला लागले. नऊ. मी खूश झाले, अकराचे नऊ झाले म्हणून. मग उजव्या डोळ्यानं, जिलेटीन न घेता तेच पान परत बघितलं आणि त्यांना सातच सापडली. म्हणजे आपल्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यापेक्षा आकाशकंदिलाचा कागद लावलेला जुना डोळा जास्त बघतो, हे काही त्यांना रुचलं नाही. सुनेला बोलावलं, तिला मोजायला लावलं. तिचीही नऊ. त्यावर म्हणाले, "तुझी धाकटी दोन टिंबं मी उजव्या डोळ्यानं माफ केली होती."

काकू आतनं म्हणाल्या, दुसऱ्या डोळ्याची तारीख दोनदा पुढं ढकललीय ह्यांनी, आता जिलेटीन मिळालं म्हणून तिसऱ्यांदा ढकलतील. पेस्टअपवाले काका, ह्याची जबाबदारी तुमची.

दुसरं एक बघितलं. गुरुजींनी स्वतः त्याच पेनानं दोन ओळी लिहिल्या. मौजे, तालुके, अमुक बिन तमुक, त्या जुन्या कागदांतलंच. आधी रेघ, मग सरसर. आम्ही जिलेटीन ठेवून बघितलं. दोन ओळीत एकच गाठ. कुठली म्हणाल, तर गावाच्या नावावर. म्हटलं, गुरुजी, हितं थांबलात. म्हणाले, "थांबलो नाही, आठवत होतो, वडील ते नाव कसं लिहायचे."

नक्कल मी काळ्यानंच करणार आहे, जांबोटीकर. तुमचा केना मात्र पटला. सरावाची पानं आता महिनाअखेर आई बंबात घालते.

---

निपाणीकर

सगळं झालं, आता तरी शाईचं नाव सांगा. दोष तिचा नव्हता हे ठरलं की.

---

टीपकागद

निरोपात कळवते. बाटली समोर नाही आणि नाव इतकं अवघड आहे की पाठ होत नाही. गुरुजींनी ठेवून घेतलीय, म्हणाले पुढच्या रविवारी बघू.